स्लॅब पडायच्या आधी विचारतेय: हवा आत कुठून घ्यायची आणि बाहेर कुठून सोडायची?

सोनचाफा
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तळेगाव दाभाड्याला आमचं घर बांधायचं काम चालू आहे. तळमजला अधिक एक, दोन्ही मिळून साधारण १८०० चौरस फूट. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, वर दोन बेडरूम. तिन्ही बेडरूमला लागून बाथरूम. राहणार आम्ही पाच जण.

सासूबाईंना दमा आहे. सध्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये डास आणि गाड्यांचा आवाज यामुळे रात्री खिडक्या बंदच असतात. सकाळी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेलं की दारातच कोंदट हवा अंगावर येते. नव्या घरात हे नको. म्हणून खिडक्या बंद असतानाही हवा खेळती राहील अशी सोय बांधतानाच करायची ठरवली आहे.

तळमजल्याच्या भिंती झाल्यात, सेंट्रिंग लागलंय, स्लॅब तीन आठवड्यांनी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, "मॅडम, बाथरूमला एक्झॉस्ट, किचनला चिमणी, बाकी खिडक्या आहेतच की." पण बीममधून किंवा स्लॅबमधून पाइप न्यायचा तर स्लीव्ह, म्हणजे पाइपासाठी वाट ठेवणारी नळी, आत्ताच टाकावी लागेल. नंतर कोअर कटिंग, म्हणजे काँक्रीटला यंत्राने भोक पाडणं, करायला आमचे आरसीसी सल्लागार तयार नाहीत.

पश्चिमेला रस्ता आहे आणि त्यापलीकडे दोनेकशे मीटरवर जुना हायवे. दक्षिणेला दहा फुटांवर शेजाऱ्यांची भिंत, पूर्वेला आमचं मागचं अंगण, उत्तरेला मोकळा प्लॉट. हवा आत घ्यायची भोकं कोणत्या भिंतीत आणि किती उंचीवर ठेवू? बाहेर सोडायची कुठे? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा.


कुतूहल
शनिवार, रात्री १०:०५

समोरासमोर खिडक्या ठेवा, झालं. आपल्या हवामानात मशीन कशाला?


मीटरमॅन
शनिवार, रात्री १०:३१

कुतूहल, दिवसा तुमचं बरोबर आहे. प्रश्न रात्रीचा आहे.

मी गेल्या उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणून बेडरूममध्ये ठेवला. आम्ही दोघं, दार-खिडक्या बंद, एसी चालू. रात्री अकराला आकडा ६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) होता, पहाटे पाचला २३००. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. म्हणजे आपण रात्रभर एकमेकांचीच सोडलेली हवा घेत होतो. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, ही गोष्ट मला पन्नाशीत कळली. तो खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत फिरवतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही.

सोनचाफा, तुम्ही हा विचार स्लॅबच्या आधी करताय याचा फार आनंद वाटला.


उत्तरायण
रविवार, पहाटे २:१५

म्युनिकहून लिहितोय. आमच्या घरात यांत्रिक वायुवीजन आहे, सहा वर्षं झाली. मीटरमॅन यांच्या आकड्यावरून आठवलं: खोलीतली हवा चांगली की वाईट हे कार्बन डायऑक्साइडवरून ठरवावं आणि हजार भागांत एक भाग ही मर्यादा धरावी, असं १८५८ साली मांडणारे माक्स फॉन पेटेनकोफर याच शहरात प्राध्यापक होते. म्हणजे मीटरवरचे १००० पीपीएम. आजही लोक तोच आकडा धरतात.

आमच्याकडची पद्धत अशी. ताजी हवा फक्त 'कोरड्या' खोल्यांत सोडायची: बेडरूम, हॉल. वापरलेली हवा फक्त 'ओल्या' खोल्यांतून ओढायची: स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास. मधला पॅसेज ही हवेची वाट. बेडरूममध्ये आलेली हवा दाराखालच्या फटीतून पॅसेजमध्ये येते आणि तिथून न्हाणीघरात ओढली जाते. त्यामुळे वास आणि वाफ उलटी झोपायच्या खोलीत येत नाही. सोनचाफाताई, भोकं कुठे हे ठरवायच्या आधी नकाशावर पेन्सिलीने ही वाट काढा. प्रत्येक बेडरूमपासून एक रेघ, ती शेवटी बाहेर पडलीच पाहिजे. जी रेघ बंद दारापाशी अडते तिथे दाराखाली फट हवी.

यंत्रात जाणारी आणि येणारी हवा एकमेकींजवळून जातात, पण मिसळत नाहीत. जाणाऱ्या हवेची ऊब येणारीला मिळते. इथे उणे दहा तापमानात ते फार मोलाचं आहे. तळेगावात तेवढी गरज नाही, पण वाटेचा नियम तोच राहतो.

आमच्या दोन चुका सांगतो. आमच्या बेडरूममधलं हवा सोडायचं तोंड बरोबर उशीच्या वर आलं. हवा फार नसते, पण थंडीत कपाळावर ती सतत जाणवते. शेवटी आम्ही पलंग फिरवला. दुसरी चूक देवघराची. हॉलमधलं तोंड देव्हाऱ्याच्या डोक्यावर होतं, समई तेवत राहीना. ते आम्ही बंद करून तीन मीटर सरकवलं, आणि त्यासाठी छत उघडावं लागलं.


शेवंती_७२
रविवार, सकाळी ७:५०

उत्तरायण, समईचं वाचून जीव हळहळला. आणि फोडणीचं काय करता? तिकडच्या यंत्राला हिंग-मोहरी चालते का?


उत्तरायण
रविवार, दुपारी १२:४०

शेवंतीताई, फोडणी त्या यंत्रात कधीच सोडायची नाही. तेलकट वाफ पाइपात बसली तर तिथपर्यंत हात पोहोचत नाही. इथे बरेच लोक शेगडीवर कोळशाच्या फिल्टरचा हूड लावतात, तो हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. आमच्याकडे त्याने पुरणाच्या वासाला न्याय दिला, पण सुक्या बोंबलांपुढे हात टेकले. मग स्वतंत्र चिमणी काढून भिंतीतून थेट बाहेर नेली. यंत्र वेगळं, चिमणी वेगळी.


ओळंबा
रविवार, दुपारी ३:२०

मी स्थापत्य अभियंता आहे, पुणे आणि परिसरात घरं करतो. आधी हिशेब, मग जागा.

अमेरिकेतली घरगुती वायुवीजनाची पद्धत अशी: दर चौरस फुटाला ०.०३ आणि बेडरूमच्या संख्येत एक मिळवून येईल त्याला ७.५ ने गुणायचं. १८०० चौरस फुटांचे ५४, तीन बेडरूम अधिक एक म्हणजे चार गुणिले साडेसात ३०. एकूण ८४ घनफूट दर मिनिटाला, म्हणजे तासाला साधारण १४० घनमीटर. जर्मनीत माणशी तासाला ३० घनमीटर धरतात, पाच माणसांचे १५०. ब्रिटनच्या नियमांत सतत चालणाऱ्या व्यवस्थेसाठी स्वयंपाकघराला सेकंदाला १३ लिटर आणि प्रत्येक न्हाणीघराला ८ लिटर. तुमच्याकडे ३७ होतात, म्हणजे तासाला १३३ घनमीटर. तीन देशांचे तीन रस्ते एकाच गावात येतात. तुमच्या घराला तासाला १४० घनमीटर हवा बदलती हवी, आणि ती हळूहळू, चोवीस तास.

हे काम बाथरूमच्या नेहमीच्या एक्झॉस्ट फॅनने होत नाही. तो दहा मिनिटं जोरात ओढतो आणि बंद होतो. त्याऐवजी तिन्ही बाथरूममधून चार इंची पाइप एका शाफ्टमध्ये आणा, तिथे सहा इंची उभा पाइप घ्या आणि गच्चीवर एकच इनलाइन फॅन (पाइपातच बसणारा) ठेवा. तो मंद गतीवर सतत चालू. प्रत्येक बाथरूममधून तासाला ४५ ते ५० घनमीटर गेली की हिशेब पुरा. चार इंची पाइपात एवढ्या हवेचा आवाज येत नाही. सहा इंचीचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असतं, म्हणून उभा पाइप जाड घ्या.

आता एक कळकळीची विनंती. प्लंबर हा पाइप संडासाच्या व्हेंट पाइपला जोडून मोकळा होईल. मी स्वतः तीन साइटवर हे पकडलं आहे. फॅन बंद पडला की मैल्याच्या पाइपातला गॅस सरळ तिन्ही बाथरूममध्ये. दोन्ही पाइप गच्चीपर्यंत वेगळे न्या.

आणि खिडक्या विसरू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश इतकी उघडी जागा मागितली आहे. ती सोडून वर ही व्यवस्था.


काळी_माती
रविवार, रात्री ८:१०

आमच्या धाराशिवकडच्या माळवदाच्या घरांना छतात सवणं असायचं. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि उजेडाचा कवडसा खाली यायचा. पाऊस आला की आजी आम्हा पोरांना वर पिटाळायची, सवण्यावर पत्रा झाकायला. भिंती दोन-दोन हात रुंद, खिडक्या जवळपास नाहीतच, तरी भर वैशाखात आत गारवा. हवा दारातून शिरायची आणि सवण्यातून निघायची. उत्तरायणदादांची पेन्सिलीची रेघ आमच्या गवंड्यांना ठाऊक होती.


संत्रानगरी
रविवार, रात्री ९:०२

आम्हा नागपूरकरांना हे कूलरने शिकवलं. कूलर खिडकीत लावला आणि खोली बंद करून बसलं तर तासाभरात अंग चिकचिक होते, पेपर ओलसर होतो. समोरची खिडकी वीतभर उघडली की तोच कूलर थंडगार वाटतो. जेवढी हवा आत घेता तेवढी जायला वाट पाहिजे नं. आमच्या बाबांनी तर घर बांधताना प्रत्येक खोलीत कूलरच्या खिडकीच्या समोर, छताखाली झरोका ठेवूनच घेतला होता.


चौथा_मजला
सोमवार, सकाळी ११:१५

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. आमची दादरची इमारत जुन्या सुधार ट्रस्टच्या आखणीतल्या भागात आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाट वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग पसरतो असं मानलं गेलं आणि १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. त्यांनी इमारतींमधल्या अंतराला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतची रेघ यापेक्षा चढी असता कामा नये. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं. आमच्या मागच्या खोलीत दुपारी अजून वारा येतो तो त्या मोकळ्या पट्ट्यामुळे. शेजारच्या गल्लीत पुनर्विकासात टॉवर खेटून उभे राहिलेत आणि तिथल्या खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लागतात, हे बघून वाईट वाटतं.

म्हणून सोनचाफा, उत्तरेचा मोकळा प्लॉट कायमचा मोकळा धरू नका.


निशिगंध
सोमवार, दुपारी २:३०

सोनचाफा, गरम पाण्याची सोय काय ठरवली आहे? हे विचारण्याचं कारण आहे.

आठ वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो. चार बाय सहाची बाथरूम, आतच गॅस गीझर, खिडकीच्या काचपट्ट्या थंडीमुळे मी चिकटपट्टीने बंद केलेल्या. डिसेंबरची सकाळ होती. अंघोळ करताना डोकं जड झालं, पाय आपले वाटेनात. कडी काढायला हात उचलला एवढंच आठवतं. नवऱ्याने दार तोडलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर वेगळं झालं असतं. गीझरच्या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. काहीही कळत नाही.

वरती भोक आहे, गॅस वरून निघून जाईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा वायू जवळजवळ हवेच्याच वजनाचा असतो, तो खोलीभर पसरतो. गॅस गीझर बाथरूममध्ये नकोच. कितीही भोकं ठेवली तरी नको.


ओळंबा
सोमवार, दुपारी ३:०५

निशिगंध यांचं प्रत्येक वाक्य महत्त्वाचं आहे आणि मी सुचवलेल्या योजनेशी त्याचा थेट संबंध आहे, तो काल लिहायला हवा होता.

घरातून सतत हवा ओढली की आत दाब किंचित कमी होतो. मग हवा मिळेल तिथून आत येते. स्वयंपाकघराची जोरकस चिमणी खिडक्या लावून चालवलीत तर न्हाणी ट्रॅपमधून (मोरीच्या जाळीखालच्या पाण्याच्या सापळ्यातून) गटाराचा वास वर आलेला अनेकांनी अनुभवला असेल. त्याच ओढीने गॅस गीझरचा धूरही त्याच्या नळकांड्यातून उलटा घरात येऊ शकतो. तेव्हा या घरात गॅस गीझर असलाच तर तो भिंतीबाहेर, उघड्या हवेत. आणि चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची एक खिडकी थोडी उघडी. मात्र ती चिमणीला लागून नको, समोरच्या बाजूची हवी. शेगडीशेजारची उघडलीत तर चिमणी त्या खिडकीतलीच स्वच्छ हवा ओढत बसते आणि फोडणीचा धूर हॉलमध्ये जातो.

गॅसवरून आणखी एक. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. त्यासाठी झरोका जमिनीलगत, बाहेर उघडणारा हवा. पाइपातून येणारा नैसर्गिक गॅस हलका असतो, तो छताशी जमतो. त्याला झरोका छतालगत. तळेगावात आज सिलेंडर असेल आणि उद्या पाइपलाइन येईल, म्हणून स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत दोन्ही ठेवा.


सोनचाफा
सोमवार, रात्री १०:२०

निशिगंध, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही सुखरूप आहात याचं समाधान वाटलं. आमच्या नकाशात वरच्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता. तो आजच खोडला. सोलर आणि जोडीला विजेचा गीझर.

ओळंबादादा, शाफ्ट आमच्याकडे आहे. सासूबाईंची बाथरूम आणि वरची एक बाथरूम एकाखाली एक आहेत, तिसरी आठ फुटांवर. आत येणाऱ्या हवेचं अजून कळलं नाही. भिंतीला भोक पाडून जाळी लावली की पुरे?


मांडवी
मंगळवार, सकाळी ९:३०

रत्नागिरीकर आहे, म्हणून पावसाचं आधी सांगते. भिंतीतला प्रत्येक पाइप बाहेरच्या बाजूला उतरता हवा. सरळ ठेवलात तर नैर्ऋत्येचा पाऊस पाइपातून आत येऊन प्लास्टर फुगवतो. बाहेरचं तोंड खाली वळलेलं, आतल्या बाजूला बारीक जाळी. आमच्याकडे दोन वर्षं जाळीशिवाय होतं. पहिल्या वर्षी चिमण्यांनी घरटं केलं, पिल्लं उडेपर्यंत फॅन लावला नाही. दुसऱ्या वर्षी गांधीलमाश्या आल्या, तेव्हा मात्र जाळी बसली. जाळी दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने झाडावी लागते, म्हणून हात पोहोचेल अशा जागी ठेवा.

दुसरं, वाऱ्याची दिशा चोवीस तास एक नसते. आमच्याकडे दिवसा समुद्रावरून खारे वारे, रात्री जमिनीवरून मतलई. आमचे जुने लोक पश्चिमेला पडवी आणि पूर्वेला मागीलदार दोन्ही उघडं ठेवायचे ते त्यासाठीच. तुमच्या प्लॉटवर आठवडाभर उदबत्ती लावून बघा. सकाळी, दुपारी, रात्री धूर कुठे जातो ते लिहून ठेवा.

आणि आषाढ-श्रावणात हवा कितीही बदललीत तरी घर कोरडं होणार नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. उलट एसीने गार झालेल्या खोलीत ती घेतली तर कपाटामागच्या गार भिंतीवर दव धरतं आणि बुरशी येते. पावसाळ्यात गती कमी ठेवायची सोय हवी, आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब.


कुतूहल
मंगळवार, सकाळी १०:१०

मी वर 'मशीन कशाला' लिहिलं होतं. निशिगंध आणि मीटरमॅन यांचं वाचून मत बदललं. तरी एक शंका: बाहेर हायवेचा धूर असेल तर ती हवा दमेकऱ्याच्या खोलीत ओढून काय साधलं?


मीटरमॅन
मंगळवार, दुपारी १:४५

कुतूहल यांनी नेमकी नस पकडली. ओळंबा, तुमची योजना चांगली आहे, पण इथे मी असहमत आहे. फक्त ओढणारा फॅन असेल तर हवा ठेवलेल्या भोकातूनच येईल याची खात्री नाही. ती दाराच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या चौकटीतून, जिन्यातून येईल. भोकाला चांगला फिल्टर लावलात तर त्याचा अडथळा वाढतो आणि हवा आणखीच दुसरीकडून शिरते. बारीक धूळ अडवायची तर हवा फिल्टरमधून ढकलणारा फॅन लागतो.

एका खोलीपुरतं तरी करा. सासूबाईंच्या खोलीत बाहेरून हवा आणणारा छोटा फॅन, पुढे जाड धुळीचा फिल्टर, त्यामागे बारीक धूळ अडवणारा, एफ-सेव्हन दर्जाचा. खोलीत हवा थोडी जास्त ढकलली की आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींतून धूळ आत येत नाही. त्यांची बाथरूम तर ओढतेच आहे. तासाला सत्तर घनमीटर आत ढकला, बाथरूममधून पन्नास ओढा. उरलेली वीस दाराखालून पॅसेजला जाईल.


ओळंबा
मंगळवार, सायंकाळी ६:३०

मीटरमॅन यांचं मान्य. मी घराचा एकूण हिशेब बघत होतो, माणूस कोण आहे ते बघायला हवं होतं. सासूबाईंच्या खोलीत ढकलणारा फॅन, वरच्या दोन खोल्यांना साधी जाळीदार भोकं.

आता जागा. हवा घ्यायचं तोंड पश्चिमेला नको, तिथे हायवे. दक्षिणेला शेजारी दहा फुटांवर, त्यांचं स्वयंपाकघर त्या बाजूला असेल तर तेही नको. पूर्वेचं अंगण उत्तम, फक्त सेप्टिक टँकचा व्हेंट आणि गाडी लावायची जागा तिथे नको. घाण हवेच्या तोंडापासून ताज्या हवेचं तोंड निदान दहा फूट दूर. जमिनीपासून सात-आठ फूट वर, म्हणजे अंगण झाडलेली धूळ येत नाही. खोलीत हवा सोडायचं तोंड छताखाली, पण दारापासून लांबच्या टोकाला. दाराशेजारी सोडलीत तर ती तशीच दाराखालून पळेल आणि पलंगाकडची हवा आहे तिथेच राहील.

बाथरूमच्या दाराचं बघा. ब्रिटनच्या नियमात अडीच फुटी दाराखाली दहा मिलिमीटर फट मागतात. आपल्याकडे बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरठा असतो आणि दार त्यावर घट्ट बसतं. तिथे दाराच्या खालच्या भागात लूव्हर (तिरक्या पट्ट्यांचा झरोका) बसवा.


शेवंती_७२
मंगळवार, रात्री ८:००

दाराखाली फट म्हणजे झुरळांना आमंत्रण नाही का?


मांडवी
मंगळवार, रात्री ८:२५

शेवंतीताई, लूव्हरच्या आतून नायलॉनची जाळी खिळवा. आमच्याकडे चालते.


उत्तरायण
बुधवार, रात्री १:३०

ढकलणारा फॅन खोलीच्या भिंतीतच ठेवू नका. इथे आवाज हा सगळ्यांत मोठा तक्रारीचा विषय आहे, आणि लोक शेवटी फॅन बंद करून टाकतात. तो बाथरूमच्या माळ्यावर किंवा पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये ठेवा, खोलीपर्यंत मीटरभर तरी आवाज शोषणारा पाइप घ्या. आणि फिल्टर शिडीशिवाय काढता आला पाहिजे. ज्याला शिडी लागते तो फिल्टर वर्षानुवर्षं बदलला जात नाही.


सोनचाफा
पुढचा रविवार, दुपारी ४:१०

मंडळी, तुमचे सगळे प्रतिसाद छापून आम्ही साइटवर घेऊन गेलो. उदबत्तीचा प्रयोग पाच दिवस केला. दुपारी धूर पश्चिमेकडून पूर्वेला जातो, रात्री जवळपास सरळ वर. शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर दक्षिणेलाच निघालं, म्हणून ती भिंत पूर्ण सोडली.

ठरलं ते असं. सासूबाईंच्या खोलीची हवा पूर्वेच्या अंगणातून, साडेसात फुटांवरून. फॅन त्यांच्या बाथरूमच्या माळ्यावर, झडप पॅसेजकडून उघडणारी, म्हणजे स्टुलावर चढून फिल्टर काढता येईल. वरच्या एका खोलीचं भोक पूर्वेला, दुसरीला पूर्व भिंत नाही म्हणून उत्तरेला. शाफ्टमधून सहा इंची पाइप गच्चीवर, संडासाच्या व्हेंटपासून वेगळा, आणि त्याचं तोंड पश्चिमेच्या कोपऱ्यात नेलंय. सेप्टिक टँकचा व्हेंटही अंगणातून काढून तिकडेच वळवला. स्वयंपाकघरात चिमणीचा पाइप एकाच वळणाने उत्तरेच्या भिंतीबाहेर, आणि गॅससाठी खाली एक, वर एक झरोका. जिन्याच्या वरच्या खोलीला उघडणारी खिडकी घेतली, उन्हाळ्यात संध्याकाळी ती आणि हॉलची खिडकी उघडली की गरम हवा वर निघून जाईल.

कॉन्ट्रॅक्टर सुरुवातीला नाराज होते. मग निशिगंध यांचा प्रतिसाद त्यांना वाचायला दिला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि म्हणाले, आमच्याही घरी बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, आज संध्याकाळी काढतो.


निशिगंध
रविवार, दुपारी ४:४५

डोळे भरून आले. त्यांना माझा नमस्कार सांगा.


ओळंबा
रविवार, सायंकाळी ५:३०

उत्तम योजना. स्लॅब टाकताना स्लीव्हची तोंडं दोन्ही बाजूंनी गोणपाट कोंबून टेपने बंद करा, नाहीतर काँक्रीट आत शिरतं आणि मग तेच कोअर कटिंग. बीममधली स्लीव्ह कुठे आणि केवढी हे तुमच्या आरसीसी सल्लागारांच्या सहीच्या नकाशावरच असू द्या. आणि काँक्रीट पडायच्या आधी प्रत्येक स्लीव्हचा शेजारी टेप धरून फोटो काढा.


सोनचाफा
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:१५

आज स्लॅब पडला. स्लीव्ह सहा होत्या, सहाही मोकळ्या निघाल्या. फोटो काढलेत.

परवा सासूबाईंना साइटवर नेलं होतं. त्यांनी खडू मागितला आणि खोलीच्या कोब्यावर स्वतः पलंग आखला, मग देव्हारा आखला. पलंगाचं डोकं बरोबर हवेच्या तोंडाखाली येत होतं. उत्तरायणदादांची उशी आणि समई दोन्ही आठवली. आई म्हणाल्या, "पलंग इथेच राहू दे, सकाळचं ऊन येतं इथे." भिंतीतलं भोक अजून विटांत होतं, गवंडीदादांनी तिथल्या तिथे ते तीन फूट उत्तरेला सरकवून दिलं.